कठीण इंग्रजी शब्द वाक्यात कसे वापरावेत

रोज दहा नवे शब्द अर्थासह पाठ करावेत, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मला मुळीच मान्य नाही. त्याने शब्द ओळखता येतो. पण लिहायला बसल्यावर तो हाताशी येत नाही, आणि आलाच तर भलत्या जागी येऊन बसतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवताना हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

शब्द तयार यादीतून न घेता स्वतःच्या वाचनातून घ्यावेत. जो शब्द दोनदा आडवा येईल तोच वहीत उतरवावा. आठवड्याला पाच पुरेत.

शब्दकोश मात्र इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेलाच हवा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक आणि त्यांचे सहकारी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना तयार केलेला आणि पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेला कोश याच गरजेतून जन्मला. अशा कोशात अर्थाबरोबर वाक्यरचनाही दाखवलेली असते.

खरी अडचण यानंतर, म्हणजे अर्थ कळल्यावर पहिले वाक्य लिहिताना येते. ‘एग्झॉर्बिटंट’ म्हणजे भरमसाट, एवढे टिपून आपण पुढे जातो. मराठीत भाडे भरमसाट असते, गर्दी भरमसाट असते, पाऊसही भरमसाट पडतो. इंग्रजीत मात्र हा शब्द भाडे, फी, किंमत, व्याज यांच्याच पंगतीला बसतो. ‘एग्झॉर्बिटंट रेन’ कोणी म्हणत नाही. आपणही ‘घोर अन्याय’ म्हणतो, ‘घोर आनंद’ म्हणत नाही. शब्दाचा शेजार अर्थाइतकाच महत्त्वाचा असतो, म्हणून प्रत्येक शब्दाखाली त्याचे तीन नेहमीचे शेजारी लिहिल्याशिवाय वाक्याला हात घालू नये.

शेजारासोबत शब्दाचा रोखही पाहावा. नोकरीच्या पहिल्या अर्जात, सध्याच्या कामात मी समाधानी आहे असे सांगण्यासाठी मी ‘कॉम्प्लेसंट’ हा शब्द लिहिला होता. मुलाखतीत त्यावर बोट ठेवून मला विचारण्यात आले, “मग तुम्ही आणखी मेहनत का कराल?” तो शब्द आत्मसंतुष्ट होऊन गाफील राहिलेल्या माणसासाठी वापरतात, हे मला तेव्हा कळले आणि ती नोकरी हातची गेली. तेव्हापासून प्रत्येक शब्दापुढे मी स्तुती, दोष किंवा तटस्थ असे एक टिपण करतो. तुम्हीही ते टाळू नका, कारण मराठी प्रतिशब्द नेमका इथेच दगा देतो.

आता वाक्य. कोशातले एक उदाहरण जसेच्या तसे उतरवावे, मग त्यातली व्यक्ती आणि प्रसंग बदलून आपल्या आयुष्यातली खरी घटना त्यात घालावी. रचनेला मात्र हात लावू नये. ‘रिफ्रेन’नंतर ‘फ्रॉम’ येते आणि ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही, हे नियम म्हणून घोकण्यापेक्षा असे हाताखालून गेले की पक्के बसते. त्यानंतर शब्द झाकून वाक्य वाचावे. ‘द रेंट वॉज एग्झॉर्बिटंट’ या वाक्यातला शेवटचा शब्द झाकला, तर तिथे ‘लो’सुद्धा चालेल, म्हणून हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘एका खोलीसाठी मालकाने इतके एग्झॉर्बिटंट भाडे मागितले की आम्ही तो बेतच सोडला’, अशा आशयाचे वाक्य इंग्रजीत लिहिले, तर झाकलेली जागाच आपला शब्द मागते.

उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने करावी.

प्रत्यक्ष पत्रात किंवा निबंधात मात्र एका परिच्छेदात असा एकच शब्द ठेवावा, आणि ‘यूज’ने काम भागत असेल तिथे ‘युटिलाइज’ लिहू नये. वहीत प्रत्येक शब्दाखाली अर्धे पान कोरे सोडावे. पुढे वाचनात तो शब्द जिथे जिथे भेटेल, ते वाक्य तिथे उतरवून घ्यावे. माझ्या वहीत ‘कॉम्प्लेसंट’खालचे अर्धे पान केव्हाच भरले असून त्यातल्या एकाही वाक्यात तो शब्द कौतुकाने आलेला नाही.