कूलरसमोरची जागा कुणाची?

नवा कुत्रा आला की भांडण खाण्याच्या वाटीवरून होणार, असं आपण धरून चालतो. आमच्याकडे झालं ते कूलरवरून. नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या घरात, आणि कूलरसमोरच्या गार फरशीवर आमच्या मोतीचा सात वर्षांचा कब्जा. नवीन आलेली शेरी तिकडे वळली की मोती एकदम ताठ व्हायचा. मान तशीच, नजर तिरकी, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. गुरगुरणं त्यानंतरचं.

हा ताठ होण्याचा क्षण ओळखा आणि तेव्हाच नवख्याला हाक मारून दूर बोलवा. गुरगुरल्याबद्दल मात्र रागावू नका. ती सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सरळ दात लागू शकतात.

पहिली भेट घराबाहेर घडवा, दोघांनाही परक्या मैदानात, ऊन चढायच्या आत. त्याआधी घरातली हाडं, बॉल, चघळायच्या वस्तू उचलून ठेवा. जेवण वेगळ्या खोल्यांत, दार लावून; भांडी उचलल्यावरच दार उघडायचं. पाण्याची भांडी दोन, दोन टोकांना. दुसरा कूलर कुठून आणणार? आम्ही पंख्याखाली ओलं गोणपाट टाकलं, शेरीला तेवढं पुरलं.

तोंडातली वस्तू हिसकावू नका, उकडलेल्या चिकनचा तुकडा देऊन अदलाबदल करा. म्हातारा कुत्रा अचानकच असा वागायला लागला तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. कधीकधी सांधे किंवा कान दुखत असतात.