खाली बसवलेल्या गाडीसाठी चाकाचा आकार आणि ऑफसेट कसा निवडावा

लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे आखूड स्प्रिंग, टाकून गाडी खाली बसवली की लगेच अलॉय चाकांचा विषय निघतो आणि बहुतेक जण आधी दुकानात आवडलेले चाक घेऊन मग ते फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासू नये म्हणून उपाय शोधत बसतात. वास्तविक नवी स्प्रिंग वापराने आणखी थोडी बसते. ती पुरती बसल्यावर आधी मापे घ्यावीत आणि चाकाचा विचार त्यानंतर करावा.

टायरसकट चाकाचा बाह्य व्यास कंपनीच्या चाकाइतकाच राहावा, कारण स्पीडोमीटर त्याच हिशेबाने चालतो. १८५/६५ आर १५ या टायरची भिंत, म्हणजे रिमच्या बाहेरची रबराची उंची, १८५ मिमी रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी असते. अशा दोन भिंती आणि रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी, मिळून व्यास ६२१.५ मिमी होतो. १९५/५५ आर १६ ने तो ६२०.९ आणि २०५/४५ आर १७ ने ६१६.३ मिमी येतो, म्हणजे कागदावर तिन्ही चालतात. मात्र भिंत १२० वरून १०७ आणि पुढे ९२ मिमीवर येते. यवतमाळ, वर्धा भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे डांबर सपाट राहत नाही. अशा रस्त्यावर पातळ भिंतीच्या टायरचा धक्का थेट रिमवर बसतो आणि रिम वाकते. म्हणून आपल्याकडे १६ इंचांच्या पुढे जाऊ नये, आणि पांदण रस्त्याने शेतापर्यंत गाडी नेणाऱ्याने तर १५ वरच थांबावे. टायरवरचा भारांकही, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, पाहावा: ८८ म्हणजे ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो.

खरी गफलत ऑफसेटमध्ये होते. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (चाक ज्यावर बोल्टने बसते त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग यांतले मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो 'ईटी ४५' असा कोरलेला असतो. आकडा वाढला की चाक आत जाते, घटला की बाहेर येते. मात्र रुंदी बदलली की नुसता ईटी जुळवून भागत नाही. साडेपाच इंच रुंद, ईटी ४५ चे चाक काढून सात इंची, ईटी ४० चे लावले, तर बाहेरची कड सुमारे २४ मिमी बाहेर येते आणि आतली कड १४ मिमी शॉकअपकडे सरकते. सहा इंची, ईटी ४५ च्या चाकात दोन्हीकडे जेमतेम ६ मिमीचा फरक पडतो.

इतकी जागा आहे का, हे स्वतः मोजावे. फेंडरच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडून दोरी आणि टायर यांतले अंतर पट्टीने घ्यावे. आतल्या बाजूला शॉकअप आणि टायर यांच्यामध्ये घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा दाबून बसवावा आणि काढून त्याची जाडी मोजावी. नंतर मागे तिघांना बसवून, डिकीत तुरीची दोन पोती टाकून हीच मापे पुन्हा घ्यावीत, कारण रिकाम्या गाडीत मोकळे दिसणारे चाक भरल्या गाडीत हमखास घासते. पुढचे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवूनही तपासावे. गाडी खाली आल्यावर बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकाचा माथा थोडा आत झुकतो, त्यामुळे तिथे किंचित सूट मिळते. मागची दोन चाके जोडणाऱ्या सरळ बीमवर (आडव्या दांड्यावर) ती मिळत नाही, म्हणून घासण्याची तक्रार बहुधा मागूनच येते.

बोल्टच्या भोकांचे वर्तुळ आणि चाकाचे मधले भोक गाडीच्या हबशी जुळलेच पाहिजे. मधले भोक मोठे असेल तर मोकळी जागा भरणारी हबरिंग लावावी, नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते. स्वस्तातले स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) लावून ऑफसेट जुळवण्याच्या फंदात पडू नये, कारण चाक बाहेर गेले की बेअरिंगवरचा भार वाढतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, तेव्हा कंपनीच्या मापाच्या जवळ राहणे इथेही सोयीचे.

चाके बसली की अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घ्यावे आणि साधारण १०० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळावेत. चाके बसवताना फेंडरच्या आतल्या लाइनरवर (आतल्या अस्तरावर) खडूची रेघ मारून ठेवावी आणि त्याच वेळी ती पाहावी. ती पुसली गेली असेल, तर टायर तिथे घासतो आहे.