बिडी-सिगारेट सुटत नाही? या चुका टाळा

सोडणारे बरेच जण पहिल्या आठवड्यातच पुन्हा पेटवतात आणि वर म्हणतात, ‘आपलं मनच कच्चं.’ मनाला उगाच बोल लावू नका. धूर ओढल्यावर निकोटीन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तात निम्मं उरतं. मग मेंदू पुन्हा मागणी करतो. चिडचिड आणि झोपमोड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, दोन ते चार आठवड्यांत ती ओसरते.

म्हणून पहिली चूक मुहूर्ताची. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) शपथ घ्या, श्रावणात घ्या की हिवाळ्यात, पण तिसऱ्या दिवशी काय आहे ते आधी बघा. गव्हाला रात्रीच्या लाइटवर पाणी भरायची पाळी आली, तर थंडीत बांधावर जागं राहायला हात बिडीच शोधणार. मीही अशीच एकदा पुन्हा पेटवली.

दुसरी चूक चहाची, आणि ही फारशी कुणी सांगत नाही. धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन लवकर मोडतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. छाती धडधडते, झोप उडते आणि माणसाला वाटतं, ही तलफच. सोडल्या दिवसापासून चहा निम्मा करा. टपरीवरचा तर आधी बंद, कारण तिथे चहासोबत काडीपेटीही पुढे येते.

तिसरी चूक च्युइंगमची. तलफ मारायला निकोटीनचं च्युइंगम घेणारे ते साध्या च्युइंगमसारखं चघळत सुटतात. मग घसा जळतो, उचकी लागते आणि पाकीट कोनाड्यात जातं. हळूहळू चावा, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवा, चुरचुर थांबली की पुन्हा चावा. आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर औषध तोंडात नीट शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर २ मिलिग्रॅम कमी पडू शकतं. ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांना विचारा.

‘सिगारेट सोडली, आता फक्त तंबाखू मळतो’ हे सोडणं नव्हेच. निकोटीन तेच, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका.

एकट्याने झेपत नसेल, तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

आणि हिवाळ्यातली भरीत पार्टी! शेतात जाळ पेटलेला, वांगी भाजताहेत, आणि कुणीतरी पाकीट पुढे करतो, ‘एकमा काय व्हस रे भो?’ एकाने बरंच होतं. तरी ओढलीच, तर ‘आता मोडलंच’ म्हणून पाकीट संपवू नका. उरलेलं तिथेच जाळात टाका. तलफेची लाट तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ भरीत ठेचायचं काम मागून घ्या. दोन्ही हात वांग्यात भरलेले असले की पाकीट धरायला हातच उरत नाही.