वाडा पाडायचा नाही, उतरवायचा: त्याआधीची तयारी

गावचं जुनं घर काढून तिथेच नवं बांधायचं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन आर्किटेक्टला करतात आणि दुसरा जेसीबीवाल्याला. या दोन्ही फोनांच्या आधी एक वही आणा आणि मोजपट्टी घेऊन दोन दिवस घरात फिरा. प्रत्येक चौकटीची उंची, रुंदी आणि जाडी लिहा. तुळया किती आणि केवढ्या, कडीपाटातल्या कड्या किती, शहाबादी फरशी कुठल्या मापाची, जोत्याचे घडीव दगड किती, सगळं. नवा नकाशा या वहीवरून निघाला पाहिजे. नकाशा आधी आणि यादी नंतर झाली की जुना माल मधे मधे येतो आणि शेवटी वखारीत जातो. आम्ही हे अर्धवट केलं. घरात आठ चौकटी निघाल्या, त्यांतल्या पाच इतक्या बुटक्या की आजोबासुद्धा वाकूनच आत यायचे. नकाशात दरवाजे सात फुटी ठरून गेले होते. शेवटी तीन चौकटींच्या खिडक्या झाल्या आणि दोन भिंतीतल्या कपाटांना लागल्या. आधी सांगितलं असतं तर आर्किटेक्टने खिडक्या त्याच मापाच्या काढल्या असत्या, आणि सुताराची आठवडाभराची मजुरी वाचली असती.

सागवान मोजताना एक खबरदारी घ्या. तुळईचं भिंतीत बसलेलं टोक बाहेरून दिसत नाही, आणि ओल आणि वाळवी तिथेच असते. हातोडीने ठोकून बघा. भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं. शंका आली तर स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. दोन्ही टोकांची फूटफूटभर कापून जाईल असं धरूनच वहीत लांबी लिहा. खिळे अंबुराने एकेक उपटावे लागतात, आणि हे काम कंटाळवाणं असल्याने मजूर वरवर करतात. लाकूड कापायला जाण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, कारण आत राहिलेल्या एका खिळ्याने करवतीचं पातं जातं आणि गिरणीवाला तुमचं पुढचं लाकूड हातात धरत नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून दारं कोरडी घासू नका. ओली करून खरवडा, आणि पोरांना लांब ठेवा. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचं असेल तर आधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याची चौकशी करा.

आता क्रम. घर ज्या क्रमाने चढलं त्याच्या उलट उतरतं: कौलं, रिपा, वासे, आढं, कडीपाट, खांब आणि मग भिंती. याला एक अपवाद आहे, आणि तो आम्हाला उशिरा कळला. खालची फरशी सगळ्यात आधी उचलायची. ती खाली तशीच राहिली की वरून पडणारा प्रत्येक दगड तिच्यावरच आपटतो. आमची अर्धी शहाबादी अशीच फुटली. चुन्यात बसवलेली फरशी पहारेने कडेकडेने हलवली की अख्खी सुटते. चौकटींवर नंबर टाकायचे ते ऑइलपेंटने, खडूने टाकलेले पहिल्याच वळवात धुऊन जातात. काम दिवाळीनंतर धरा, आणि लाकूड ठेवायला पत्र्याची शेड आधी उभी करा. थरांमध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवा. मंगळुरी कौलं आडवी रचली की स्वतःच्याच वजनाने तडकतात, ती उभी लावा.

विटांचं गणित सरळ आहे. चुन्यात किंवा मातीत बांधलेली वीट थापीच्या दोन टपल्यांत साफ होते, सिमेंटमधली साफ होण्याआधी फुटते. त्यामुळे सिमेंटच्या भिंतीच्या विटा वाचवायच्या नादी लागू नका, मजुरीत नवी वीट येते. साफ झालेली वीट कमरेच्या उंचीवरून मातीत टाकून बघा, फुटू नये. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की टणत्कार यावा. जुन्या आणि नव्या विटांचं माप जुळत नाही, म्हणून एका भिंतीत दोन्ही मिसळू नका. गवंडी ‘चालतंय की’ म्हणेल, आणि मग ती तफावत प्लास्टरने भरून काढेल, म्हणजे वाचवलेली वीट सिमेंटच्या रूपाने परत खर्चात. फुटक्या विटा टाकू नका, गच्ची गळू नये म्हणून वर विटांच्या तुकड्यांचा जो थर घालतात, त्या ब्रिकबॅट कोब्याला त्याच लागतात.

काय वापरायचं नाही, तेही वहीत लिहा. जुन्या स्लॅबमधली गंजकी सळई भंगारात द्या, नव्या कॉलममध्ये नको. जुनी वायर नको. ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नका. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाणी मारून अख्खेच खाली उतरवा.

नव्या कामातला कचरा बहुतेक वेळा मापातून जन्मतो. बाजारात ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी टाइल असते 600 मिमी, म्हणजे दोन फुटांना जवळजवळ सेंटिमीटरभर कमी. दहा फुटांच्या खोलीत पाच टाइल बसल्या की जवळपास पाच सेंटिमीटर उरतात, आणि त्या पट्टीसाठी अख्ख्या टाइला चिरल्या जातात. प्लास्टर झाल्यावरची खोली टाइलच्या मापात बसवून घ्या, चार बोटं कमी झाली म्हणून कुणाचं अडत नाही. सळईही तशीच. ती येते 12 मीटरची. 4.2 मीटरचे दोन तुकडे काढले की 3.6 मीटर उरते. कापायच्या आधी सगळ्या तुकड्यांची यादी केलेली असेल तर तोच उरलेला तुकडा दारा-खिडकीवरच्या लिंटेलला लागतो, नसेल तर भंगारवाल्याला. सिमेंट लागेल तसं आणा. तीन महिने पडून राहिलेल्या गोणीचा जोर कमी होतो.

राडारोड्यासाठी अंगणात तीन जागा आखून ठेवा: वीट-दगड, लाकूड, आणि प्लास्टिकसकट बाकीचं. जोत्यातल्या भरावात लाकडाची ढलपीसुद्धा जाता कामा नये, वाळवीला ते आमंत्रण असतं. काँक्रीट दळून मिळणारी खडी जवळपास मिळत असेल तर आयएस 383 हे खडी-वाळूचं भारतीय मानक 2016 पासून तिला परवानगी देतं: साध्या काँक्रीटमध्ये एकूण खडीच्या 25 टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्के आणि तेही एम 25 या प्रतीच्या काँक्रीटपर्यंतच. कोब्याखालच्या हलक्या काँक्रीटला पूर्ण चालते.

आणि सगळ्यात आधीचं काम, जे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. पाडकामवाला येऊन म्हणेल, ‘पाडून फुकट देतो, माल माझा.’ तो फुकट का देतोय ते तुमच्या वहीतलं सागवान सांगेल. काय तुमचं आणि काय त्याचं, हे कागदावर लिहून सह्या घ्या, आणि कौल हलायच्या आधी घ्या. त्या कागदात पांढरी मातीही घाला. जुन्या भिंतींची माती शेतात टाकायला लोक मागून नेतात. आमची चुलत्यांच्या उसात गेली, आणि ट्रॉल्याही त्यांनीच आणल्या.