लग्नाआधी इफिसकरांस पत्र वाचताना

कोल्हापुरात लग्नाआधी चर्चच्या पाळकांकडे बसलात, की बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा ५ वा अध्याय निघतोच. वाचन ‘बायकांनो, पतीच्या अधीन असा’ या २२ व्या वचनापासून नको, २१ पासून करा. तिथे अधीनता एकमेकांची आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२ मध्ये क्रियापदच नाही, ते २१ मधून घ्यावं लागतं. २३ व्या वचनातलं ‘पती पत्नीचं मस्तक’ एवढंच उचललं की घरात हुकूम चालतो, बायको गप्प होते आणि त्यालाच शांती म्हणतात. २५ वं वचन तर नवऱ्याकडे स्वतःला वाहून देणं मागतं. म्हणून पहिला पगार दोघांनी वहीत मांडा: भाडं, दशांश (चर्चला द्यायचा दहावा हिस्सा), तिच्या आईची औषधं. एकमत नसेल तर निर्णय रात्रभर थांबवा. मारहाण होत असेल, तर आधी सुरक्षित जागा आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोन. समेटाची प्रार्थना नंतर.