अमेरिकेचं यादवी युद्ध का पेटलं: नकाशा, मतांचा हिशेब आणि मूळ कागद घेऊन कारणं कशी तपासावीत

अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) कशावरून झालं असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक 'गुलामगिरीवरून' आणि दुसरं 'राज्यांच्या हक्कांवरून'. पहिलं उत्तर बरोबर आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्याच राज्यघटनेखाली गुलामगिरी सत्तर वर्षं चालली होती, मग तलवारी १८६१मध्येच का उपसल्या गेल्या? तारखा पाठ करून याचं उत्तर सापडत नाही. त्यासाठी तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडाव्या लागतात: जमिनीचा नकाशा, सिनेटमधल्या (संसदेच्या वरच्या सभागृहातल्या) जागांचा हिशेब आणि त्या माणसांनी तेव्हा स्वतःच्या सहीने लिहून ठेवलेले कागद. त्या मांडल्या की दिसतं की भांडण मिटवायची साधनं एकामागून एक मोडत गेली आणि १८६०चा हिवाळा आला तेव्हा हाताशी एकही उरलं नव्हतं.

आधी नकाशा, आणि तो १८६०चाच

आजचा नकाशा समोर घेतला की पहिली चूक तिथेच होते. १८६०मध्ये वेस्ट व्हर्जिनिया नावाचं राज्य नव्हतं आणि कॅन्सस अजून राज्य झालं नव्हतं. एकूण राज्यं ३३ होती: गुलामगिरीला बंदी असलेली १८ आणि ती चालणारी १५. उरलेला पश्चिमेचा मोठा भाग 'प्रदेश' म्हणजे टेरिटरी होता. तीन रंग घ्या: मुक्त राज्यं, गुलामीची राज्यं आणि प्रदेश.

यातला तिसरा रंग नीट समजला तर अर्धं काम झालं. राज्यांच्या आतली गुलामगिरी मोडण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नाही, हे त्या काळी जवळपास सगळेच राजकारणी मानत होते. १८६०मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेले अब्राहम लिंकनही मानत होते. प्रदेशांवर मात्र काँग्रेसचा कारभार होता आणि त्यांचीच पुढे राज्यं व्हायची होती. त्यामुळे खरं भांडण 'गुलामगिरी हवी की नको' इतकं सरळ नव्हतं. ते 'नव्या जमिनीत ती जाऊ द्यायची की नाही आणि हे ठरवायचं कुणी' यावर होतं.

आता नकाशावर ठेवायला चार ट्रेसिंग पेपर कापा.

पहिला १८२०चा. मिसुरी तडजोडीची ३६ अंश ३० मिनिटांची रेषा काढा: तिच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी, दक्षिणेला मुभा. बहुतेक जण ती थेट पॅसिफिकपर्यंत ओढतात आणि तिथेच चुकतात. ती फक्त १८०३ साली फ्रान्सकडून घेतलेल्या लुइझियानाच्या जमिनीपुरती होती, त्यापुढचा मुलूख तेव्हा अमेरिकेचा नव्हताच. दुसरी गफलत म्हणजे खुद्द मिसुरी राज्य त्या रेषेच्या उत्तरेला असूनही गुलामीचं राज्य म्हणून आत आलं. त्याच्या बदल्यात मेन हे मुक्त राज्य मिळालं.

दुसऱ्या कागदावर १८४८मध्ये मेक्सिकोकडून युद्धात मिळवलेली जमीन दाखवा. या जमिनीला रेषा लागू नव्हती. संघर्षाची नवी फेरी इथून सुरू झाली.

तिसऱ्यावर १८५४चे कॅन्सस आणि नेब्रास्का हे प्रदेश. त्यांचे आकार आजच्या राज्यांवरून घेऊ नका. नेब्रास्का प्रदेश थेट कॅनडाच्या सीमेपर्यंत गेला होता. दोन्ही प्रदेश त्या जुन्या रेषेच्या पूर्णपणे उत्तरेला होते, म्हणजे ३४ वर्षं गुलामगिरीला बंद असलेली जमीन होती ती. निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोपवून ती खुली केली म्हणून उत्तरेत एवढा संताप उसळला.

चौथा १८५७चा, ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्याच्या निकालाचा. यावर प्रदेशांचा सगळा भाग रंगवून टाका. सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला आणि सरन्यायाधीश टॅनी यांच्या निकालपत्रात म्हटलं गेलं की प्रदेशांमध्ये गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही.

चारही कागद एकावर एक धरून उजेडासमोर बघा. रेषा काढणं, मग तिथल्या रहिवाशांवर सोपवणं, मग न्यायालय: प्रत्येक वेळी वाद मिटवायचं हत्यार बदललेलं दिसेल.

सिनेटचा ताळेबंद

वहीचं एक पान आडवं घ्या आणि चार रकाने आखा: वर्ष, आत आलेलं राज्य, मुक्त राज्यांची संख्या, गुलामीच्या राज्यांची संख्या. प्रत्येक राज्याला, मग ते लहान असो वा मोठं, सिनेटमध्ये दोन जागा. १८१९च्या अखेरीस हिशेब ११–११ होता. मिसुरी आणि मेननंतर १२–१२. आर्कान्सा (१८३६) आणि मिशिगन (१८३७) धरून १३–१३. १८४५मध्ये फ्लोरिडा आणि टेक्सास आले आणि पारडं १३–१५ असं दक्षिणेकडे झुकलं. हा तोल कायम बरोबरीचा होता असं धरून चालणारे इथे फसतात. आयोवा (१८४६) आणि विस्कॉन्सिन (१८४८) यांनी तो पुन्हा १५–१५ केला. १८५०मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आलं आणि त्यानंतर दक्षिणेला बरोबरी कधीच साधता आली नाही. मिनेसोटा आणि ऑरेगननंतर आकडा झाला १८–१५.

प्रतिनिधीगृहाचा, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचा, हिशेब लोकसंख्येवर चाले, आणि तिथे उत्तर आधीपासूनच पुढे होती. इथे तीन-पंचमांश कलमाचा अर्थ उलटा लावला जातो. १,००० गुलाम म्हणजे जागावाटपासाठी ६०० माणसं, एवढाच त्याचा अर्थ. गुलामाला तीन-पंचमांश मत मिळालं नव्हतं, काहीच मिळालं नव्हतं. वजन वाढलं ते त्याला बांधून ठेवणाऱ्या राज्याचं.

ताळेबंदाला एक जोड द्या. महत्त्वाच्या प्रत्येक ठरावावरचं मतदान दोनदा विभागून पाहा: एकदा पक्षानुसार, एकदा उत्तर-दक्षिण असं. मेक्सिकोकडून मिळणाऱ्या जमिनीत गुलामगिरी नको, हा प्रतिनिधीगृहाचे सदस्य विल्मट यांचा १८४६चा ठराव प्रतिनिधीगृहात पास झाला, सिनेटमध्ये अडला, आणि मतं पक्षाऐवजी प्रांतावर फुटली. कॅन्सस-नेब्रास्का कायदा १८५४मध्ये प्रतिनिधीगृहात ११३ विरुद्ध १०० असा निसटता पास झाला. उत्तरेतले डेमोक्रॅट जवळजवळ निम्मे-निम्मे फुटले आणि तेव्हाचा दुसरा मोठा पक्ष, व्हिग, तर त्यानंतर सावरलाच नाही. दोन्ही प्रांतांना एका छपराखाली ठेवणारे पक्ष मोडू लागले की देश मोडायला फार वेळ लागत नाही. त्याच वर्षी, प्रदेशांत गुलामगिरी पसरू द्यायची नाही या एका मुद्द्यावर रिपब्लिकन पक्ष उभा राहिला.

दोन ठिकाणी जवळून बघा

सगळीकडे सारखा वेळ घालवू नका. दोन प्रसंग मात्र बारकाईने बघण्यासारखे आहेत.

पहिला, १८५०चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा. त्यातलं शुल्काचं कलम वाचा. पकडलेल्या माणसाला मालकाच्या ताब्यात दिलं तर प्रकरणाचा निर्णय देणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडून दिलं तर ५. समर्थक म्हणत की ताब्यात देताना कागदपत्रं जास्त करावी लागतात. पण ज्याचं आयुष्य पणाला लागलं होतं त्याला ज्यूरी नव्हती आणि स्वतःची साक्ष देण्याचीही मुभा नव्हती. त्याला लपवणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुलामगिरी दूर कुठेतरी आहे असं समजणाऱ्या उत्तरेतल्या माणसाच्या दारात ती या कायद्याने आणून उभी केली. मॅसॅच्युसेट्स, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी स्वतःचे कायदे करून अंमलबजावणीत अडथळे घातले. ही नोंद जपून ठेवा, पुढे लागेल.

दुसरा, कॅन्सस. 'तिथल्या रहिवाशांनीच ठरवावं' हे कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणणारे सिनेटर स्टीफन डग्लस यांचं सूत्र ऐकायला लोकशाहीचं वाटतं. पण रहिवासी कुणाला म्हणायचं आणि निर्णय कोणत्या टप्प्यावर घ्यायचा, हे कायद्यात धड लिहिलेलंच नव्हतं. ३० मार्च १८५५च्या निवडणुकीआधीच्या गणनेत मतदार भरले २,९०५ आणि पेटीत मतं पडली ६,३०७. वजाबाकी करा: एकूण एक मतदाराने मत दिलं असं धरलं तरी ३,४०२ मतं जास्त. ती शेजारच्या मिसुरीतून हत्यारांसह आलेल्या टोळ्यांची होती. अशा मतांवर निवडून आलेल्या विधिमंडळाने 'या प्रदेशात गुलाम बाळगण्याचा हक्क नाही' असं नुसतं म्हणणंही गुन्हा ठरवलं, शिक्षा किमान दोन वर्षं. विरोधकांनी कॅन्ससमधल्याच टोपेकात वेगळं सरकार थाटलं.

मे १८५६चा क्रम उलटसुलट होऊ देऊ नका: २१ तारखेला कॅन्ससमधल्या गुलामगिरीविरोधकांच्या लॉरेन्स गावावर हल्ला, २२ला सिनेटच्या सभागृहात दक्षिणेतला प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्सने गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नर यांना काठीने केलेली जीवघेणी मारहाण आणि २४च्या रात्री कॅन्ससमधल्याच पॉटावाटमी ओढ्याजवळ गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनच्या टोळीने केलेल्या पाच हत्या.

१८६०ची निवडणूक गणितासारखी सोडवा

ड्रेड स्कॉट निकालाने रिपब्लिकन कार्यक्रमाबरोबरच डग्लस यांचं सूत्रही अडचणीत आलं. काँग्रेसलाच अधिकार नाही तर तिने नेमलेल्या प्रदेशाच्या विधिमंडळाला तो कुठून आला? १८५८मध्ये फ्रीपोर्टच्या वादसभेत लिंकन यांनी हेच विचारलं. डग्लस म्हणाले, स्थानिक कायद्यांचं संरक्षण नसेल तर गुलामगिरी एक दिवसही टिकणार नाही, तेव्हा रहिवाशांनी ते कायदे करू नयेत म्हणजे झालं. हे उत्तर दक्षिणेला विश्वासघातासारखं वाटलं आणि प्रदेशांत गुलामगिरीला केंद्राने संरक्षण द्यावं अशी मागणी पुढे आली. याच मागणीवर एप्रिल १८६०मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्ष फुटला.

इथे हमखास एक चूक होते: 'विरोधक फुटले म्हणून लिंकन जिंकले.' आकडे मांडून बघा. लिंकन यांना लोकांची मतं ४० टक्क्यांच्या आतच होती, पण निर्वाचक मतं (राज्यनिहाय ठरलेली, राष्ट्राध्यक्ष निवडणारी मतं) ३०३पैकी १८० मिळाली, आणि गरज होती १५२ची. बाकी तिघा उमेदवारांची मतं प्रत्येक राज्यात एकत्र केली तर लिंकन यांच्या हातून कॅलिफोर्नियाची ४, ऑरेगनची ३ आणि न्यू जर्सीतली ४ जातात. १८० वजा ११ म्हणजे १६९. तरीही जिंकलेच. खोल दक्षिणेत त्यांच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नव्हती, तरी राष्ट्राध्यक्ष झाले. दक्षिणेच्या नेत्यांनी यातून एक अर्थ काढला आणि तो चुकीचा नव्हता: यापुढे आमच्या मतांवाचून देश चालू शकतो.

मूळ कागद पेन्सिल घेऊन वाचा

साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या चार राज्यांनी फुटून निघण्याची कारणं सविस्तर प्रसिद्ध केली. चारही छापून घ्या. गुलामगिरीशी संबंधित तक्रारीखाली एक रेघ मारा, इतर तक्रारीखाली दोन. मिसिसिपी सुरुवातीलाच सांगतं की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात आयातकराचा उल्लेखच नाही. ज्या मॉरिल आयातकरावर काही जण बोट ठेवतात, तो मार्च १८६१मध्ये मंजूर झाला, सात राज्यं बाहेर पडल्यावर.

राज्यांच्या हक्कांचं काय? मघाची नोंद काढा. उत्तरेतल्या राज्यांनी आपले कायदे वापरून पळालेले गुलाम परत द्यायला नकार दिला, ही साउथ कॅरोलायनाची मुख्य तक्रार होती. म्हणजे राज्यांनी हक्क वापरले, हाच तिथे आरोप आहे. पुढे बंडखोर राज्यांनी मार्च १८६१मध्ये जी घटना केली तिने गुलामांवरच्या मालकीला बाध आणणारा कायदा करायला मनाई केली आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण बंधनकारक केलं.

युद्धानंतरच्या आठवणी वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. बंडखोरांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स २१ मार्च १८६१ला सव्हानात म्हणाले होते की गोरा आणि काळा समान नाहीत, हाच आमच्या सरकारचा कोनशिलेचा दगड. हरल्यावर तेच स्टीफन्स वाद राज्यघटनेच्या अर्थाचा होता असं मांडू लागले. कागदावरची तारीख आधी बघायची, मजकूर नंतर.

प्रश्न दोन आहेत, एक नाही

दक्षिण बाहेर का पडली आणि उत्तरेने तिला जाऊ का दिलं नाही, हे प्रश्न वेगळे ठेवा. उत्तर सुरुवातीला संघराज्य टिकवण्यासाठी लढली, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३चा. दोन्ही बाजू नेमक्या कुठे अडल्या ते शेवटच्या वाटाघाटींत दिसतं. राज्यांतल्या गुलामगिरीला कायमचं अभय देणारी घटनादुरुस्ती मार्च १८६१मध्ये काँग्रेसने मंजूरही केली. जुनी रेषा पॅसिफिकपर्यंत वाढवायची क्रिटेंडन योजना मात्र लिंकन यांनी ठाम नाकारली. गुलामगिरीचा विस्तार, या एका मुद्द्यावर कुणी मागे सरकायला तयार नव्हतं.

शेवटी १८६०च्या जनगणनेतून प्रत्येक राज्यातलं गुलामांचं प्रमाण नकाशावर लिहा. साउथ कॅरोलायना ५७ टक्के, मिसिसिपी ५५. हीच दोन सगळ्यांत आधी फुटली. त्यांच्यामागे फ्लोरिडा, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, सगळी ४० टक्क्यांच्या वर. डेलावेअर जेमतेम २ टक्के, ते गेलंच नाही. टेक्सास या ओळीत बसत नाही: प्रमाण ३० टक्के, व्हर्जिनियाहून थोडं कमीच, तरी ते पहिल्या सातांत होतं. अपवाद खोडू नका, शेजारी प्रश्नचिन्ह करा.

व्हर्जिनियाच्या अधिवेशनाने ४ एप्रिलला फुटण्याचा ठराव फेटाळला होता. १२ एप्रिलला पहाटे साडेचारला साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट सम्टर या केंद्राच्या किल्ल्यावर बंडखोरांच्या तोफा सुटल्या, १५ला लिंकन यांनी ७५,००० सैनिक मागितले आणि १७ला तोच ठराव ८८ विरुद्ध ५५ मतांनी पास झाला. या राज्याचे आकडे एकत्र धरू नका, जिल्हावार काढा. डोंगरांपलीकडच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत गुलाम फार थोडे दिसतील. हे जिल्हे फुटणाऱ्यांपासूनच फुटले आणि २० जून १८६३ला वेस्ट व्हर्जिनिया म्हणून संघराज्यात आले. आजच्या नकाशावर ती सीमा आहे, १८६०च्या नकाशावर नाही.