नांगर दिसला म्हणून खलाशी ठरत नाही: खानदेशातल्या जुन्या थडग्यांची नोंद कशी करावी

खानदेशातल्या एखाद्या जुन्या युरोपीय दफनभूमीत दगडावर जहाजाचा नांगर कोरलेला दिसला की बघणारा लगेच ठरवून टाकतो, हा कुणी आरमारातला साहेब असणार. बहुतेक वेळा तो चुकतो. ख्रिस्ती परंपरेत नांगर हे आशेचे चिन्ह आहे. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. त्यामुळे शाळामास्तराच्या बायकोच्या किंवा दोन वर्षांच्या पोराच्या थडग्यावरही तो सापडतो. नुसत्या नांगरावरून कुणाला दर्यावर्दी ठरवू नका. नांगराला दोरखंडाचा वेढा असेल, वर जहाजाच्या शिडांचा मुकुट असेल, तर संशय घ्यायला जागा आहे, पण खात्री मजकुरातूनच होते.

समुद्रापासून इतक्या आत असा दगड सापडूच शकत नाही, असे मात्र समजू नका. १८७० मध्ये मुंबई ते कलकत्ता लोहमार्ग जुळला. मुंबई बंदरात उतरलेला माणूस भुसावळवरूनच पुढे जाऊ लागला आणि वाटेत आजारी पडलेला वाटेतच पुरला जाई. शिवाय बाप रेल्वेत आणि मुलगा जहाजावर, अशी घरे असत. बापाच्या दगडावर खाली दोन ओळी वाढवून समुद्रात गेलेल्या मुलाचे नाव घालण्याची रीत होती. या खालच्या ओळी नेमक्या मातीत बुडालेल्या असतात, म्हणून काम तिथूनच सुरू होते.

आधी परवानगी. दफनभूमी ज्या चर्चच्या ताब्यात असेल तिथल्या पाळकांना किंवा समितीला भेटा. गावाच्या ताब्यात असेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून लेखी घ्या. जागा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल, तर लेखी मंजुरीशिवाय ब्रशसुद्धा लावायचा नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचा, म्हणजे महायुद्धांतल्या सैनिकांची थडगी सांभाळणाऱ्या संस्थेचा दगड दिसला, तर फक्त फोटो घ्या. हे दगड एका मापाचे असतात, साधारण ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ रुंद, त्यामुळे लगेच ओळखू येतात.

कामाला डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरा. पावसाळ्यानंतरचे गवत तोवर वाळलेले असते आणि दगड तापत नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. तापलेल्या संगमरवरावर गार पाणी ओतले तर दगडाला ताण बसतो. गवत विळ्याने कापा. बांध पेटवतात तसे पेटवून देऊ नका, आगीच्या धगीने संगमरवर तडकतो आणि काळ्या दगडाचे पापुद्रे सुटतात. तणनाशकही नको, त्यातले क्षार दगडात मुरतात. पायात जाड बूट हवेत आणि पडलेला दगड उलटायचा झाला तर काठीने. विंचू त्याच सावलीत बसलेला असतो.

साफसफाईच्या आधी, दगड आहे त्या स्थितीत, मजकुराची नोंद करा. हा क्रम उलटा झाला की नुकसान भरून येत नाही, कारण सुटायला आलेला पापुद्रा पहिल्या घासणीत अक्षरासकट जातो.

उथळ अक्षर वाचायचे गमक तिरप्या उजेडात आहे. सूर्य दगडासमोर असला की अक्षर सपाट दिसते. उजेड बाजूने, दगडाला जवळजवळ घासून आला की प्रत्येक खाचेत सावली भरते. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे मृताचे डोके पश्चिमेला, पाय पूर्वेला असतात, म्हणून उभ्या दगडाचे तोंड बहुतेक वेळा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे असते. पूर्वेकडच्या तोंडावर उजेड तिरपा होतो तो ऊन डोक्यावर येता येता. उत्तरेकडे तोंड असलेला दगड हिवाळ्यात दिवसभर सावलीतच राहतो. त्यासाठी दीड फूट बाय एक फुटाचा साधा आरसा न्या. एकाने उन्हात उभे राहून कवडसा दगडाच्या कडेवरून आडवा टाकायचा, दुसऱ्याने दगडावर चादरीची सावली धरायची, तिसऱ्याने फोटो काढायचा. कवडसा डावीकडून, उजवीकडून आणि वरून असे किमान तीन फोटो हवेत. एका बाजूने न दिसलेली आडवी रेघ दुसऱ्या बाजूने दिसते, आणि ३ की ८, १ की ७ हे तिथेच सुटते. फ्लॅश बंद. मोबाइल दगडाच्या मध्याशी समांतर धरा आणि एका कडेला मोजपट्टी ठेवा.

अक्षरांत खडू, पीठ किंवा हळद भरून ती उठवायची सवय आहे, ती सोडा. खडूचे कण छिद्रांत अडकतात, पीठ बुरशीला खाऊ घालते. शेव्हिंग क्रीमही तसेच वाईट.

संगमरवरी पाट्यांवर कधीकधी अक्षरे शिशाची असतात. अक्षराची खाच कोरून तिच्यात ड्रिलने बारीक भोके पाडत आणि शिसे ठोकून बसवत, त्या भोकांतल्या शिशावर अक्षर तगून राही. शिसे गळाले तरी भोके राहतात. पाटीवर ट्रेसिंग पेपर धरून प्रत्येक भोक पेन्सिलीने ठिपक्यात उतरवा. दोन उभ्या रांगा आणि मध्ये तिरकी रांग असेल तर ते इंग्रजी एन आहे, मधली रांग आडवी असेल तर एच. आरमारी दगडावर हा फरक मोठा, कारण एन म्हणजे बहुधा नेव्ही.

मजकूर उतरवताना दगडावरची ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ द्या. न दिसणाऱ्या प्रत्येक अक्षराला चौकटी कंसात एक टिंब. १८[.]३ असे वाचले तर तसेच लिहा, अंदाजाने १८६३ करू नका. आपली दुरुस्ती वेगळ्या रकान्यात जाऊ द्या. पुढे कुणी चर्चचे दफन-पुस्तक उघडले की त्या एका टिंबावरून शोध लागतो. आपण भरलेला चुकीचा आकडा मात्र सगळ्यांना चुकीच्या पानावर नेतो.

आता हुद्दे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. खानदेशात कॅप्टन म्हटले की तो बहुधा पायदळाचा. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली, त्या काळापासून इथे लष्करी अधिकारी होते. नौदलातला कॅप्टन हा लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा असतो, लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या. लेफ्टनंट हा शब्द दोन्हीकडे आहे. मरीन बटालियन वाचून तर हमखास फसायला होते. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या २१ व्या पलटणीला हे नाव होते आणि ती पलटण शिपायांची. इंजिनिअर म्हणजे भुसावळात रेल्वेचा माणूस, जहाजाचा म्हणायला जहाजाचे नाव शेजारी हवे. कमांडर, पर्सर, मिडशिपमन, बोसन, मास्टर मरिनर हे शब्द मात्र दर्याचेच.

नावापुढची आद्याक्षरे आणि साल जुळवून बघा. मुंबईचे आरमार १८३० पर्यंत बॉम्बे मरीन होते. १८३० ते १८६३ त्याला इंडियन नेव्ही म्हणत, म्हणून त्या काळातल्या दगडावर आय. एन. असणे अगदी बरोबर आहे, ते आजचे भारतीय नौदल नव्हे. १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन, म्हणजे आर. आय. एम., आणि १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही. १८७५ च्या दगडावर आर. आय. एम. वाचले असेल तर वाचनात चूक आहे किंवा पाटी मागाहून बसवलेली आहे. नुसते आर. एन. म्हणजे ब्रिटिश राजाचे आरमार.

इंग्रजीतला लेट ऑफ हा प्रयोगही नीट वाचा. अमुक जहाजाचा लेट ऑफिसर म्हणजे पूर्वी त्या जहाजावर असलेला. तो त्या जहाजावर वारला असा अर्थ होत नाही. लॅटिन एटाटिस ३४ म्हणजे वयाचे ३४ वे वर्ष चालू, पुरी झालेली ३३.

इथे पुरले आहे आणि स्मरणार्थ उभारले, या दोन गोष्टी निराळ्या. चर्चच्या भिंतीवरची पाटी बहुतेक वेळा रिकामी आठवण असते, देह दुसरीकडे किंवा समुद्रात. खरे आरमारी स्मारक कसे असते ते पाहायला मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये कॅप्टन जॉर्ज निकोलस हार्डिंजचे स्मारक बघा. १८०८ मध्ये फ्रेंच युद्धनौकेशी (फ्रिगेटशी) लढताना तो सिलोनच्या समुद्रात मारला गेला. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारकही मुंबईतच, खलाशांच्या वसतिगृहात आहे. खानदेशातल्या खलाशाचे नाव शोधायचे असेल तर आधी तिथली यादी चाळा.

धुवायचे ठरलेच तर दगडाला आधी बोटाच्या पेराने हलके ठोका. पोकळ आवाज आला तर धुणे रद्द. संगमरवरावरून बोट फिरवल्यावर साखरेसारखे पांढरे कण बोटाला लागले तर त्यालाही हात लावू नका, त्याचे दाणे उन्हातान्हात सुटे झालेले आहेत. दगड ठणठणीत असेल तर स्वच्छ पाणी, रंगाऱ्याचा मऊ केसांचा ब्रश आणि बांबूची कामटी, एवढ्यावर भागते. आधी दगड पूर्ण भिजवा आणि खालून वर धुवत जा. वरून खाली धुतले तर मळकट ओघळ कोरड्या भागात मुरतात. तारेचा ब्रश, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, डिटर्जंट यातले काहीही नको. संगमरवर म्हणजे चुनाच, ॲसिड तो अक्षरासकट खाते.

कललेले दगड ही काळ्या मातीची देणगी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि दरवर्षी दगड थोडा थोडा कलतो. सरळ करण्याची घाई नको. ९० बाय ६० बाय ८ सेंटिमीटरची संगमरवरी पाटी सुमारे ११५ किलो भरते, ती पायावर पडली तर हाड मोडते. बुडाची माती मात्र हाताने आणि लाकडी पट्टीने १०-१५ सेंटिमीटर मोकळी करून लपलेल्या ओळी वाचा आणि माती परत लोटा. दगड हलत असेल तर थांबा.

सांधे भरायला सिमेंट कधीही वापरू नका. ते दगडापेक्षा कडक होते, ओल आत कोंडते आणि क्षार दगडात सोडते. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग चाळलेली वाळू, आणि वर आठवडाभर ओले गोणपाट. जुन्या पाटीला लोखंडी पाचर असेल आणि तिथून तांबूस डाग उतरत असेल, तर लोखंड गंजून फुगते आहे आणि तडा तिथूनच जाणार आहे. हे काम जुन्या दगडाचा सराव असलेल्या कारागिराकडे द्या.

जागेची नोंद दोन प्रकारे ठेवा. मोबाइलचे अक्षांश-रेखांश चार-पाच मीटर इकडेतिकडे असू शकतात, म्हणून फाटकापासून आणि कुंपणाच्या एका पक्क्या कोपऱ्यापासून टेपनेही मोजा.

नावाचा शोध कागदात घेताना जुनी स्पेलिंगे ध्यानात ठेवा. धुळे तिथे धुलिया आहे. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. त्याआधीचे सगळे नुसत्या खानदेश नावाखाली मिळते. मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन-३ मालिकेत आहेत, आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्या चाळता येतात. दगडावर मृत्यूची तारीख असते, पुस्तकात पुरल्याची. इथल्या उन्हात हे अंतर साधारण एका दिवसाचे, म्हणून तारखा एका दिवसाने जुळत नसल्या तर माणूस तोच समजायला हरकत नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळलाच पुरला आहे. त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून सराव करायचा असेल तर पहिली नोंद त्याच्या थडग्याची करा आणि छापील माहितीशी ताडून बघा.